या हृदयाला आज रात्री काय सोसणार नाही?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांच्या हाताखाली मी नोकरीची पहिली वर्षं काढली. ते सर्जन, मी भूल देणारी. ऑपरेशन संपलं की ते नातेवाइकांशी बोलायला बाहेर जात आणि मला सोबत नेत. भूल कोणी दिली हे नातेवाइकांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या काळात असं करणारे सर्जन थोडे होते. त्यांच्यामुळे मला बाहेरच्या बाकावरची माणसं भेटली, आणि त्या बाकावरून गेली पस्तीस वर्षं मला एकच प्रश्न विचारला जातो आहे. "मॅडम, त्यांचं हृदय कमजोर आहे. भूल सोसेल का?"

दिवसाउजेडी, ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या आधी हा प्रश्न आला तर उत्तर सोपं असतं. ईसीजी काढू, टूडी इको करू, हृदयरोगतज्ज्ञांचं मत घेऊ, गरज वाटली तर महिनाभर पुढे ढकलू. आमच्या व्यवसायात याला 'फिटनेस' म्हणतात. फिजिशियनचा फिटनेस आला का, हे विचारल्याशिवाय आमची सकाळ सुरू होत नाही.

पण रात्री दोन वाजता डोक्याला मार लागून आलेल्या माणसाच्या कवटीत रक्त साठत असतं आणि त्याची एक बाहुली पसरायला लागलेली असते, तेव्हा हा फिटनेस कुठून आणायचा? ऑपरेशन केलं नाही तर तो पहाटेपर्यंत जाणार हे दिसत असतं. भूल सोसेल का, हा प्रश्न त्या रात्री निरुपयोगी असतो. 'सोसणार नाही' असं उत्तर आलं तरी भूल द्यावीच लागते. मग विचारायचं काय? या हृदयाला आज रात्री नेमकं काय सोसणार नाही, हे विचारायचं. वेगाने धावणं सोसणार नाही, की बीपी पडणं? जास्तीचं पाणी सोसणार नाही, की पाणी कमी होणं? दहा मिनिटांत याचं उत्तर शोधता येतं. आजचं व्याख्यान या दहा मिनिटांबद्दल आहे.

हा धडा मला फुकट मिळाला नाही. मी नवखी होते तेव्हाची गोष्ट सांगते. रुग्णालयाचं नाव सांगणार नाही, कारण चूक आम्हा सगळ्यांची होती आणि तशी चूक तेव्हा सगळीकडेच होत असे. अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ जिन्यावरून पडले होते. दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली रक्ताची जाड गाठ. सर्जन तयार होते. मी म्हटलं, इको झाल्याशिवाय भूल देणार नाही. इकोचं मशीन दुसऱ्या इमारतीत, ते करणारे डॉक्टर घरी. ते आले, ट्रॉली हलली, इको झाला, हृदयाचं आकुंचन चाळीस टक्के असा रिपोर्ट हातात आला. यात दोन तास गेले. थिएटरमध्ये घेतलं तेव्हा दोन्ही बाहुल्या पसरल्या होत्या. नवव्या दिवशी ते गेले.

नंतर मी स्वतःला विचारलं, तो आकडा चाळीसऐवजी तीस असता तर मी वेगळं काय केलं असतं? औषध थोडं आणखी सावकाश दिलं असतं. पण सावकाश तर मी तसंही देणारच होते. अटॅक येऊन गेलेला आहे, एवढी माहिती मला पहिल्या मिनिटाला होती आणि तेवढी पुरेशी होती. १९८१ मध्ये अमेरिकेतून एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. अशी गाठ चार तासांच्या आत काढली तर शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावतात, चार तासांनंतर काढली तर नव्वदच्या आसपास, असं त्यात निघालं. पुढच्या अभ्यासांत हे आकडे इतके टोकाचे राहिले नाहीत, पण त्यांची दिशा कुणी खोडलेली नाही. तो अभ्यास मी वाचलेला होता. तरीही मी इकोसाठी थांबले.

भूल आणि हृदय यांचं भांडण जुनं आहे, आणि त्याचा एक अध्याय आपल्या शेजारीच घडला. १८४६ च्या १६ ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये मॉर्टन यांनी ईथरची भूल सर्वांसमक्ष देऊन दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोमध्ये सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. १८४८ च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांची एक मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली अचानक गेली. तिचं हृदय थांबलं की श्वास, यावर पुढे अर्धशतकाहून जास्त काळ वाद चालला. हैदराबादेत निजामाच्या खर्चाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. सर्जन लॉरी यांच्या पुढाकाराने शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, हृदयाची काळजी करू नका. त्याच काळात हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देत होत्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतात, आणि आपल्याकडे ते फार कमी लोकांना ठाऊक आहे म्हणून मी मुद्दाम घेतलं.

आयोगाचा निष्कर्ष चुकीचा होता. १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मखाली हृदय थेट थरथरून बंद पडू शकतं, आणि तेही भूल हलकी असताना. भीतीने, वेदनेने अंगात ॲड्रेनलिन उसळतं आणि हलक्या भुलेतलं हृदय ते सहन करू शकत नाही. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडला, पण लेव्ही यांचं म्हणणं मला दर आठवड्याला आठवतं. कारण नातेवाईक हात जोडून सांगतात, "हृदयाचे पेशंट आहेत, थोडीच भूल द्या." अपुऱ्या भुलेत घशात नळी गेली की नाडी एकशेचाळीसवर आणि बीपी दोनशेवर जातं. दुखऱ्या हृदयाला भूल थोडी नको, पुरेशी हवी. ती चढवायची मात्र हळूहळू.

आता आणखी एका माणसाची ओळख करून देते. हार्वे कुशिंग. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे. हार्वर्डला विद्यार्थी असताना १८९३ मध्ये त्यांना ईथर द्यायला बसवलं आणि त्यांच्या हाताखाली रुग्ण गेला. वैद्यकीय शिक्षण सोडून द्यावं, असं त्यांना वाटलं. सोडलं नाही. कॉडमन नावाचा वर्गमित्र आणि ते, दोघांनी मिळून दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. जिथे मॉर्टन यांनी भूल दाखवली त्याच मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात हे झालं. आज जगातल्या प्रत्येक ऑपरेशनला जो भुलेचा तक्ता भरतात, त्याचा हा पूर्वज. १९०१ मध्ये कुशिंग इटलीत पाव्हिया गावी गेले. रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं जे साधन बनवलं होतं, ते त्यांनी तिथे पाहिलं. कुशिंग यांनी ते अमेरिकेत आणलं आणि तक्त्यावर बीपीची रेघ आली.

त्याच प्रवासात बर्नला कोखर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी कुत्र्यांच्या कवटीतला दाब वाढवून पाहिला. कवटीतला दाब जसा चढतो, तसं शरीराचं बीपी त्याच्या थोडं वरच राहील इतकं चढत जातं आणि नाडी मंदावते. मेंदू गुदमरला की तो हृदयाला हुकूम सोडतो, आणखी जोर लाव. याला आम्ही आजही कुशिंग यांच्याच नावाने ओळखतो. मला या माणसाविषयी फार आदर आहे. ज्या चुकीने दुसरा कुणी व्यवसाय सोडून गेला असता, त्या चुकीतून त्यांनी मोजमाप उभं केलं.

हा हुकूम ओळखता आला नाही तर काय होतं? बीपी २१०, नाडी ४४. रुग्ण हृदयरोगी. नवा डॉक्टर घाबरतो. एकजण बीपी उतरवायचं इंजेक्शन भरतो, दुसऱ्याला वाटतं हृदयात ब्लॉक आहे, पेसमेकरवाल्यांना बोलवा. दोन्ही चूक. मेंदूने शेवटचा उपाय म्हणून जो दाब उभा केला आहे तोच आपण काढून घेतो. यावरचं औषध कवटी उघडणं हे आहे.

कवटीचं गणित मी दहावीच्या मुलांनाही सांगते. बंद पेटी. तिच्यात मेंदू साधारण ऐंशी टक्के, रक्त दहा, पाणी दहा. चौथी वस्तू, म्हणजे रक्ताची गाठ, आत आली तर आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, आणि ती सोय संपली की दाब उभा चढतो. मेंदूला रक्त पोचवणारा जोर म्हणजे शरीराचं सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. हा जोर साठ ते सत्तर असावा लागतो.

समजा बीपी १०० वर ६०. वॉर्डात कुणालाही हे ठीक वाटेल. सरासरी येते ७३. पण ती मोजली हृदयाच्या पातळीवर. आपण डोकं तीस अंश वर उचललेलं असतं, म्हणजे कान हृदयाच्या पंधरा सेंटिमीटर वर. तेवढी उंची चढताना ११ कमी होतात. उरले ६२. कवटीत दाब २५ असेल तर मेंदूच्या वाट्याला ३७. म्हणून नाडीच्या धमनीत सुई घालून आम्ही जे बीपी सतत बघतो, त्याचं शून्य मेंदूच्या ऑपरेशनला कानाच्या पातळीवर धरतात. पण हृदय कमजोर असेल तर मला हृदयाच्या पातळीवरचा आकडाही हवा असतो, कारण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना लागणारा दाब तो आहे. एकाच माणसाची ही दोन बीपी मी मनात बरोबर चालवते.

हृदयाचा हिशेब वेगळा आहे. सगळ्या शरीराला रक्त पोचतं ते हृदय आवळतं तेव्हा; हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या स्नायूला मात्र ते मुख्यतः सैल पडतं तेव्हा मिळतं. मिनिटाला साठ ठोके असताना हा सैल काळ जवळजवळ दोन तृतीयांश असतो. नाडी एकशेवीस झाली की तो निम्म्याच्या आसपास येतो, आणि काम तर दुप्पट झालेलं असतं. अरुंद वाहिन्यांच्या हृदयाला म्हणून धावपळ सोसत नाही. मेंदूला दाब हवा, हृदयाला निवांतपणा. दाब वाढवणारी बरीच औषधं नाडीही वाढवतात, नाडी उतरवणारी बरीच औषधं दाबही उतरवतात. आमचं सगळं कसब या फटीत आहे. वर्षानुवर्षं बीपी चढलेल्या माणसाचा मेंदू त्या चढ्या दाबालाच सरावलेला असतो, त्यामुळे पुस्तकातला 'नॉर्मल' आकडा त्याला उपासमार घडवतो. आपल्याकडे कितीतरी लोकांना बीपी आहे हे अपघातानंतरच कळतं.

एका बाईची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डिसेंबरची रात्र. अडतीस वर्षांची, अठ्ठेचाळीस किलो वजनाची शेतकरी बाई. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसली होती, गतिरोधकावर उडून पडली. तालुक्याला आणली तेव्हा बोलत होती. आमच्याकडे पोचेपर्यंत हाक मारल्यावर डोळे उघडण्यापुरती उरली. डाव्या बाजूला आवरणाखाली गाठ, मेंदू उजवीकडे सरकलेला. नवऱ्याच्या हातात औषधांची प्लॅस्टिकची पिशवी होती. ती मी ट्रॉलीवरच उपडी केली. ॲसिट्रॉम. लॅनॉक्सिन. लॅसिक्स. दर तीन आठवड्यांनी घ्यायच्या पेनिड्युअरची चिठ्ठी. आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीची वही, कोपरे दुमडलेली.

त्या पिशवीने मला सगळा इतिहास सांगितला. लहानपणी घसा आणि सांधे धरून आलेला ताप, त्याने खराब झालेली झडप, मग धातूची झडप. धातूवर रक्त गोठू नये म्हणून आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी, म्हणजे ॲसिट्रॉम. छातीला स्टेथोस्कोप लावला तर धातूचा टिक टिक आवाज स्पष्ट होता, ठोके अनियमित. आयएनआर निघाला ४.२. तिचं रक्त गोठायला तयार नव्हतं, आणि गोठल्याशिवाय सर्जनला कवटी उघडता येत नव्हती.

इथे घरच्यांना आणि नव्या डॉक्टरांना एक भीती पडते. रक्त पुन्हा घट्ट केलं तर झडप अडकेल. भीती खरी आहे, पण तिला आकडा आहे. गोळीशिवाय राहिलेल्या धातूच्या झडपेवरून मोठी गुठळी सुटण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात साधारण चार. डाव्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या, म्हणजे तिच्या झडपेला ते जवळजवळ दुप्पट. आठवडाभराचा धोका काढला तर हजारात एक-दोन. समोरचा धोका मात्र त्याच रात्रीचा होता. निर्णयाला मिनिटही लागलं नाही.

अडचण पुढे होती. व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश दिलं, पण त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. मिनिटांत काम करणारं गोठण-घटकांचं सांद्र औषध आमच्या गावात त्या वेळी मिळालं नाही. आजही जिल्ह्याच्या ठिकाणी ते अनेकदा मिळत नाही, मिळालं तर किंमत पेलत नाही. उरला प्लाझ्मा. तिच्या वजनाला चार पिशव्या, म्हणजे पाऊण लिटर पाणी. आणि तिच्या हृदयाला नेमकं हेच सोसणारं नव्हतं. फुप्फुसांकडचा दाब चढलेला, कप्पे ताणलेले. त्यात मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल हवं. मॅनिटॉल आधी अंगातलं पाणी शिरांमध्ये ओढतं, म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं हृदयावरचा भार वाढवतं, आणि नंतर लघवीवाटे इतकं बाहेर काढतं की बीपी पडतं. तिला दोन्ही टोकं वर्ज्य. थंडीने बाटलीत मॅनिटॉलचे खडे धरले होते, सिस्टर गरम पाण्यात बाटली धरून उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, राहू द्या, आज तीन टक्क्यांचं सलाइन देऊ. तेही पाणी ओढतं, पण नंतर कोरडं पाडत नाही.

या वेळी मी इकोसाठी थांबले नाही. पण प्लाझ्मा वितळायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्या वेळात खाटेशेजारी इकोचं छोटं यंत्र छातीला दोन मिनिटं लावलं. झडप हलते आहे, डावा कप्पा बऱ्यापैकी आवळतो आहे, उजवीकडे दाब जास्त आहे. तीन वाक्यं. मोफत मिळालेल्या वेळात तपासणी करायची, रुग्णाच्या वेळातून करायची नाही, एवढा बदल माझ्यात झाला होता.

मनगटाच्या धमनीत सुई आधी घातली, जागा बधिर करून, म्हणजे भूल चढतानाचा प्रत्येक ठोका दिसेल. मग फेंटॅनिल, थांबले, एटोमिडेट, थांबले, स्नायू सैल करणारं औषध. प्रोपोफॉल हातात होतं, घेतलं नाही, ते बीपी खाली आणतं. बीपी चढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा पंप आधीच जोडून ठेवला होता. नळी घातली तेव्हा नाडी ९२ वरून ९८ वर गेली आणि परत आली. डोक्याची त्वचा सुन्न करणारी इंजेक्शनं सर्जनने दिली, त्यामुळे चीर देतानाही ती शांत राहिली. श्वासाच्या मशीनवर कार्बन डायऑक्साइड पस्तीसच्या आसपास धरला. तो एकाने वाढला की मेंदूकडचं रक्त तीन-चार टक्के वाढतं, शिवाय तिच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आवळतात. इथे मात्र मेंदू आणि हृदय एकाच बाजूचे होते.

प्लाझ्माची तिसरी पिशवी चालू असताना सर्जनने हाड उचललं. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, आवरण उघडण्याआधी मला हाक मारा. त्यांनी मारली. गाठ बाहेर येते, कवटीतला दाब क्षणात उतरतो, आणि इतका वेळ मेंदूने हृदयाला दिलेला तो कुशिंग यांचा हुकूमही मागे घेतला जातो. बीपी एकदम कोसळतं. सर्जनला मेंदू पुन्हा धडधडताना दिसतो, तो खूश असतो, आणि पडद्याच्या या बाजूला आमची धावपळ असते. निरोगी तरुण हृदय हा झोका सोसतं. तिचं बीपी १५० वरून ८४ वर आलं. पंप वाढवला, मिनिटभरात ११० झालं. डोक्याला गंभीर इजा झालेल्या रुग्णात वरचं बीपी एकदाही नव्वदच्या खाली गेलं तर मृत्यूचा संभव दुपटीच्या जवळ जातो, हे १९९३ पासून ठाऊक आहे. त्या एका मिनिटाबद्दल मला आजही वाईट वाटतं. पंप तीस सेकंद आधी वाढवायला हवा होता.

पुढचे दहा दिवस तिची गोळी बंद होती. रोज सकाळी राउंडला गेले की मी आधी तिच्या छातीला कान लावत असे. धातूचा टिक आवाज दबका झाला तर समजायचं, झडपेवर गुठळी धरते आहे. नवऱ्यालाही तो आवाज पाठ होता. तो म्हणाला, "नऊ वर्षं रात्री उशाशी ऐकतोय, बदलला तर मला कळंल." दहाव्या दिवशी सीटी स्कॅन करून रक्त पातळ करणाऱ्या हिपॅरिनची धार सुरू केली, आधीचा मोठा डोस न देता, आणि मग ॲसिट्रॉम. उजव्या हातात थोडी कमजोरी राहिली. चालत घरी गेली.

स्टेंट टाकलेल्या रुग्णांचं दुखणं थोडं वेगळं आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट्स) निकामी करतात, त्या आठ-दहा दिवस जगतात आणि तोवर निकामीच राहतात. उलटवणारं औषध नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर बाहेरून बिंबिका देतात. ऑपरेशन ठरलं नसेल तर नुसता मेंदूत आपोआप रक्तस्राव झाला म्हणून त्या देऊ नयेत, तसं केल्याने रुग्णांचं नुकसान झाल्याचं २०१६ च्या एका चाचणीत दिसलं. स्टेंट नवा, महिन्या-दोन महिन्यांचा असेल तर गोळ्या बंद केल्यावर तो बुजू शकतो. तेव्हा सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि मी, तिघांनी त्याच रात्री फोनवर ठरवावं की कोणती गोळी कधी परत सुरू करायची. सकाळी बघू म्हणून चालत नाही.

वयस्कर माणूस डोकं आपटून आला की मी घरच्यांना विचारते, पाय घसरला की आधी चक्कर आली? घसरलेला माणूस घसरलेला असतो. चक्कर येऊन पडलेल्याच्या हृदयात कारण असू शकतं. महाधमनीची झडप बारीक झालेली असेल, तर भुलेच्या पहिल्या औषधाने बीपी जे पडतं ते परत आणणं फार अवघड होतं, छाती दाबूनही अशा हृदयातून रक्त पुरेसं बाहेर जात नाही. स्टेथोस्कोपला ती झडप खरखरीत ऐकू येते. अर्धं मिनिट लागतं.

कधी उलटही होतं. मेंदूच हृदयाला आजारी पाडतो. मेंदूची फुगलेली धमनी फुटते तेव्हा ॲड्रेनलिनचा असा लोंढा येतो की हृदयाचा स्नायू सुन्न होतो, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं दाखवणारं रक्तातलं ट्रोपोनिनही वाढतं. कधी हृदयाचं टोक फुग्यासारखं फुगतं. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून त्याला ताकोत्सुबो नाव दिलं. मी एक बाई पाहिली आहे, जिला घरी प्रचंड डोकं दुखून उलटी झाली आणि शुद्ध हरपली, आणि ईसीजी बघून एका ठिकाणी हृदयाच्या आयसीयूत ठेवून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली गेली. डोकं दुखल्याचं कुणी विचारलंच नव्हतं. अशी हृदयं बहुधा काही दिवसांत, आठवड्यांत पूर्ववत होतात. 'हृदय फारच कमजोर' म्हणून मेंदूचं ऑपरेशन नाकारायचं, तर ते हृदय कशामुळे कमजोर झालं हे आधी विचारलं पाहिजे.

श्रोत्यांमध्ये शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांच्या कारभाराशी संबंधित मंडळी आहेत, त्यांना एक सांगते. रात्रीच्या ट्रॉमा सेंटरला न्यूरोसर्जन नेमला की काम झालं असं समजू नका. खाटेशेजारचं इको यंत्र, धमनीतलं बीपी दाखवणारा मॉनिटर, प्लाझ्मा वितळवायची सोय असलेली रक्तपेढी, आणि झोपेतून उठून येणारा नव्हे तर तिथेच असणारा भूलतज्ज्ञ, यांच्याशिवाय अशा रुग्णाची कवटी उघडणं त्याला वाचवायला अपुरं पडतं.

आणि बाकीच्या सर्वांना. तुमच्या घरात स्टेंट टाकलेलं, झडप बदललेलं, पेसमेकर बसवलेलं कुणी असेल, तर आज रात्री घरी गेल्यावर एक कागद घ्या. कोणतं ऑपरेशन, कोणत्या वर्षी. झडप असेल तर कोणत्या बनावटीची, धातूची की प्राण्याच्या ऊतीची. सध्याच्या गोळ्या, मात्रेसकट. रक्त पातळ करणारी गोळी सर्वांत वर, तिच्याखाली लाल रेघ. शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख. हृदयरोगतज्ज्ञांचा फोन. त्या कागदाच्या दोन प्रती करा. एक त्या माणसाच्या खिशात किंवा पर्समध्ये राहू द्या, दुसरीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. आणि मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या बाईलाही हेल्मेट द्या.